माग, सापळा आणि कॅमेरा : वन्यजीवनिरीक्षणाच्या एका साधनाचा इतिहास व त्याची घरगुती निवड

१

एखादे साधन संस्थेच्या तिजोरीतून निघून कुटुंबाच्या खर्चात बसू लागले, म्हणजे त्याच्या इतिहासाचे एक प्रकरण संपून दुसरे सुरू होते. घड्याळ, दुर्बीण, ध्वनिमुद्रक ह्यांच्या बाबतीत हे घडून गेले आहे. प्राणी समोरून गेला की आपोआप छायाचित्र घेणारा जो कॅमेरा ‘ट्रेल कॅमेरा’ किंवा ‘ट्रॅप कॅमेरा’ ह्या नावाने ओळखला जातो, त्याच्या बाबतीत ते आता घडत आहे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी जे यंत्र मोजक्या संशोधकांजवळ होते, ते आज काही हजार रुपयांत घरी येऊ शकते. कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील कशेळे हे गाव आणि त्याचा परिसर घेतला, तर ह्या स्थित्यंतराचा अर्थ स्पष्ट होतो. ह्या गावावरूनच एक वाट आंबिवलीकडे कोथळीगडाच्या पायथ्याशी जाते, तर दुसरी खांडसकडे, म्हणजे भीमाशंकरच्या चढणीच्या तळाशी. वर सह्याद्रीच्या माथ्यावर १९८५ साली घोषित झालेले भीमाशंकर अभयारण्य आहे. खाली भातखाचरे, वरकस जमिनी, ओहोळ, ठाकूर व कातकरी लोकांच्या वाड्या आणि त्यांच्या शेजारी मुंबई-पुण्याच्या कुटुंबांनी अलीकडच्या दशकांत बांधलेली शेतघरे आहेत. रात्री अंगणापलीकडून काय गेले, हे कुतूहल अशा घरांतील मुलांना असणे स्वाभाविक आहे. आणि मग पहिला, शक्य तितका स्वस्त कॅमेरा कोणता घ्यावा, हा प्रश्न उपस्थित होतो.

हा प्रश्न वरकरणी बाजाराचा दिसतो. परंतु त्याचे उत्तर ह्या साधनाच्या इतिहासात दडलेले आहे, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. हा कॅमेरा आरंभापासून मागाच्या ज्ञानावर उभा आहे. प्राण्याची वाट ज्याला ठाऊक, त्याला साधे यंत्रही पुरते. ज्याला ती ठाऊक नाही, त्याला महागडे यंत्रही गवताचीच चित्रे देते. हे ज्ञान ज्यांच्याजवळ पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांचा ह्या यंत्राशी काय संबंध येतो, हाही त्या इतिहासाचाच भाग होय.

२

आरंभी शब्दांचा विचार करणे अवश्य आहे. संस्कृतात ‘मृग’ हा शब्द केवळ हरिणाचा वाचक नसून सामान्यतः वन्य पशूचा वाचक आहे, आणि ‘मृग्’ ह्या धातूचा अर्थ शोधणे, मागावर जाणे असा आहे. ‘मृगया’ हा शब्द त्याच कुळातला. ‘मार्ग’ हा शब्दही कोशकार ह्याच ‘मृग’ शब्दाशी जोडतात. त्याच्या अर्थांत शोध, पारध आणि वन्य पशूची वाट हे अर्थ नोंदलेले असून सामान्य रस्ता हा अर्थ त्यांच्या पुढचा आहे. म्हणजे ज्याला आज आपण राजमार्ग म्हणतो, त्या शब्दाच्या मुळाशी पशूच्या पायांनी पडलेली वाट आहे. प्राकृतातील ‘मग्ग’वरून मराठीत ‘माग’ आला. ‘मागे’ हे अव्यय त्याचेच भावंड असून ‘मागणे’ हे क्रियापद शोधणे ह्या अर्थाच्या त्याच संस्कृत धातुकुळातून उतरले आहे. ‘मागोवा घेणे’, ‘माग काढणे’, ‘मागावर असणे’, ‘मागमूस न लागणे’ हे वाक्प्रचार मराठीत आजही जिवंत आहेत. आणि इतिहासाचा अभ्यासक आपल्या कामास ‘मागोवा’ म्हणतो, तेव्हा तो नकळत शिकाऱ्याचाच शब्द वापरीत असतो.

इंग्रजी ‘ट्रेल’ शब्दाचे मूळ ओढण्याच्या, फरफटण्याच्या कल्पनेत आहे. जाणाऱ्याच्या मागे जे उमटत जाते ते ट्रेल. ‘ट्रेल कॅमेरा’ ह्या नावाला ‘मागकॅमेरा’ हा मराठी प्रतिशब्द म्हणूनच सार्थ ठरतो, आणि पुढे ह्या लेखात तोच योजिला आहे. शास्त्रज्ञांनी मात्र ‘कॅमेरा ट्रॅप’ ही संज्ञा रूढ केली. त्या समासात प्रधान पद ‘ट्रॅप’ म्हणजे सापळा हे आहे : कॅमेरा हा सापळ्याचा एक प्रकार. मराठी वृत्तपत्रांत आणि वनकर्मचाऱ्यांच्या बोलण्यात सामान्यतः ‘ट्रॅप कॅमेरा’ असा क्रम आढळतो. तत्पुरुष समासात उत्तरपद प्रधान असते. तेव्हा मराठीच्या घडणीत हे यंत्र सापळा न राहता कॅमेरा झाले आहे. हा भेद निव्वळ व्याकरणाचा नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात ‘शिकार’ ह्या संज्ञेच्या व्याख्येतच प्राणी फाशात किंवा सापळ्यात धरणे अंतर्भूत आहे. ज्या शब्दाने एक कृती गुन्हा ठरते, तोच शब्द ह्या निरुपद्रवी यंत्राच्या नावात शिल्लक आहे. आणि त्याचे कारण त्या यंत्राच्या जन्मकथेत सापडते.

३

प्राण्यानेच कॅमेऱ्याची कळ दाबावी, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. १८७८ साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिज ह्याने धावपट्टीच्या कडेला १२ कॅमेरे मांडून त्यांचे दोरे आडवे ताणले. धावती घोडी ते दोरे तोडीत गेली आणि प्रत्येक दोऱ्यागणिक एक छायाचित्र उमटले. तेथे प्राणी पाळीव होता आणि वाट माणसाने आखलेली होती. रानात वाट प्राण्याची असते व ती आधी शोधावी लागते. हे पाऊल अमेरिकेच्या जॉर्ज शायरस ह्याने टाकले. तो मुळात शिकारी. मिशिगनमधील सरोवरांच्या काठी ओजिब्वा लोक होडीच्या नाळेवर जाळ पेटवून रात्री हरणांची शिकार करीत. प्रकाशाने स्तिमित झालेले हरीण स्थिर उभे राही. शायरसने ती रीत उचलली आणि बंदुकीच्या जागी कॅमेरा व मॅग्नेशियमच्या भुकटीचा झोत योजिला. पुढे त्याने वाटेवर आडवी तार ताणून प्राण्यानेच स्वतःचे चित्र घ्यावे अशी योजना केली. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाच्या जुलै १९०६च्या अंकात त्याची ७४ छायाचित्रे प्रसिद्ध झाली, आणि रात्रीचे रान प्रथमच सामान्य वाचकाच्या घरात आले.

हिंदुस्थानात ह्या तंत्राचा प्रणेता संयुक्त प्रांतातील वन अधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन हा होय. १९२५ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात त्याने टिपलेली रानातील मोकळ्या वाघांची छायाचित्रे झळकली आणि १९२७ साली त्याचा वाघांच्या प्रदेशातील कॅमेऱ्याविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वाघ रात्री झुडपांतून फिरण्यापेक्षा जंगलातील रस्ते व कोरड्या नद्यांची पात्रे पसंत करतो, हे पाऊलखुणांवरून जाणून त्याने तारेची जागा ठरविली. एका झोतात भुकटी संपे. म्हणून एका रात्रीत एका कॅमेऱ्याला एकच चित्र मिळण्याची आशा असे. ह्या मर्यादेत त्याने एक महत्त्वाची गोष्ट हेरली : प्रत्येक वाघाच्या पट्ट्यांची रचना निराळी असते आणि चित्रांवरून एक वाघ दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येतो. पुढे जवळजवळ सत्तर वर्षांनी ह्याच निरीक्षणावर व्याघ्रगणनेचे शास्त्र उभे राहावयाचे होते. कुमाऊँचा प्रसिद्ध शिकारी जिम कॉर्बेट ह्यानेही चँपियनच्या छायाचित्रांपासून प्रेरणा घेतली.

ह्या टप्प्याचे सार असे की यंत्र ओबडधोबड होते, पण जागा अचूक होती. दुसरेही सार विसरता कामा नये. होडीतील जाळाची रीत ओजिब्वांची होती. इतिहासात नाव मात्र छायाचित्रकाराचे राहिले. मागाच्या ज्ञानावर उभ्या राहिलेल्या कीर्तीत मागकाढ्याचा वाटा अनामिक राहण्याची परंपरा येथूनच सुरू झाली.

४

दुसरा टप्पा स्वस्त व साध्या यंत्रांचा आहे, आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तो अधिक उद्‌बोधक आहे. १९५६ साली अमेरिकेतील गायसेल व डेव्हिस ह्या अभ्यासकांनी वन्यजीवसंशोधनासाठी एका साध्या स्वयंचलित छायाचित्रयंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले. १९५९ साली ऑलिव्हर पीअर्सन ह्याने कॅलिफोर्नियातील गवताळ जमिनीत उंदरांच्या अरुंद वाटांवर स्वयंचलित यंत्रे बसवून तेथील ‘रहदारी’ची मोजदाद मांडली. वाघ नाही, बिबट्या नाही. गवतातील बोटभर रुंदीची वाट, आणि तीवरून कोण, केव्हा, किती वेळा गेले ह्याची नोंद. मोठा प्राणी नसला तरी प्रश्न मोठा असू शकतो, हे ह्या निबंधाने सिद्ध केले. भाताच्या बांधावरील उंदीर, मुंगूस व साप ह्यांच्या संबंधाचा विचार करणाऱ्या कशेळ्याच्या शेतकऱ्याला हा प्रश्न परका वाटणार नाही.

१९८०नंतरच्या दशकात अमेरिकेतील हरणांच्या शिकाऱ्यांसाठी अवरक्त किरणांवर चालणारी यंत्रे बाजारात आली. तारेची जागा अदृश्य किरणाने घेतली. परंतु आत ३६ चित्रांची फिल्म होती आणि किंमत शेकडो डॉलर होती. ही शिकाऱ्यांची यंत्रे उल्लास कारंथ ह्यांनी कर्नाटकातील नागरहोळेच्या रानात संशोधनासाठी वापरली व १९९५ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यातील गणित मत्स्यशास्त्रात व पक्षिशास्त्रात आधीपासून रूढ होते. समजा, पहिल्या खेपेस १० वाघ ओळखले गेले, दुसऱ्या खेपेस १२ आढळले आणि त्यांत ४ पहिल्या खेपेचेच निघाले. तर १० व १२ ह्यांचा गुणाकार ४ने भागून ३० ही एकूण संख्या अंदाजिता येते. कारंथांची प्रत्यक्ष गणितपद्धती ह्याहून पुष्कळच सूक्ष्म होती, तरी तत्त्व हेच. प्राणी पुन्हा ओळखता आला पाहिजे, ही त्यातील अट चँपियनच्या पट्ट्यांनी पुरी केली.

ह्या काळी आपल्या देशात पाऊलखुणांवरून गणना होत असे. १९६६ साली ओडिशातील वन अधिकारी सरोजराज चौधरी ह्यांनी ती पद्धती मांडली व १९७२च्या गणनेत देशात १,८२७ वाघ असल्याचे नोंदले गेले. २००४-०५ साली राजस्थानातील सरिस्का अभयारण्यात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले, तेव्हा त्या पद्धतीवरील विश्वास ढळला. २००६च्या देशव्यापी अंदाजापासून मागकॅमेरा हा अधिकृत पुराव्याचे साधन बनला. त्या वेळी संख्या १,४११ निघाली. २०१८च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावून ३,४८,५८,६२३ छायाचित्रे मिळाली. त्यांत वाघांची ७६,६५१ आणि बिबट्यांची ५१,७७७ होती. हा भागाकार करून पाहण्यासारखा आहे : वाघ किंवा बिबट्याचे एक चित्र मिळण्यासाठी सरासरीने सुमारे २७१ चित्रे घ्यावी लागली. देशातील उत्तमोत्तम जंगलांत, अनुभवी माणसांनी लावलेल्या कॅमेऱ्यांची ही कथा आहे. उरलेल्या चित्रांत इतर प्राणी होते, गुरे होती, हलणारे गवत होते आणि माणसेही होती. पहिला कॅमेरा घेणाऱ्या कुटुंबाने अपेक्षेचे माप ह्या आकड्यावरून ठरवावे.

५

महाराष्ट्रात ह्या साधनाने एक निराळीच कामगिरी केली. अहमदनगर जिल्ह्यातील (आताच्या अहिल्यानगरमधील) अकोले तालुक्यात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाच्या मळ्यांच्या प्रदेशात कॅमेरे लावले. त्यांचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. दर चौरस किलोमीटरला ३००हून अधिक माणसे राहतात अशा, अभयारण्य नसलेल्या मुलखात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे आणि तितकेच प्रौढ तरस असल्याचे अनुमान निघाले. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात व त्याच्या लगतच्या भागात २०१५ साली अशाच पाहणीतून ३५ बिबट्यांची ओळख पटली. वन्य प्राणी म्हणजे दूरच्या रानातील प्राणी, ही समजूत ह्या चित्रांनी मोडली. गावकऱ्यांना ही गोष्ट नवी नव्हती. त्यांच्या सांगण्याला आता पुरावा मिळाला, एवढेच.

कशेळे परिसर हा ह्याच प्रकारचा, शेत आणि रान एकमेकांत मिसळलेला प्रदेश आहे. भीमाशंकरच्या डोंगरउतारावरील प्राणिसृष्टीत बिबट्या, भेकर, रानडुक्कर, साळिंदर, उदमांजर, कोल्हा, ससा, मुंगूस असे प्राणी येतात. त्यांतील कित्येक रात्री बांधांवरून, वईच्या फटीतून व ओहोळाच्या पात्रातून हिंडणारे आहेत. उलट राज्यप्राणी शेकरू हा दिवसा, झाडांच्या शेंड्यांवर वावरतो. गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधलेल्या कॅमेऱ्यात तो सहसा यावयाचा नाही. प्राणी बघण्याची सार्वजनिक परंपराही येथे आहे : बुद्धपौर्णिमेच्या रात्री अभयारण्यांतील पाणवठ्यांवर मचाणात बसून प्राणी मोजण्याचा वनखात्याचा उपक्रम महाराष्ट्रात लोकप्रिय झाला आहे. त्या एका रात्री माणूस जे डोळ्यांनी करतो, ते मागकॅमेरा अनेक रात्री करीत राहतो.

६

आता निवडीकडे वळू. इतिहासाने हाती दिलेले निकष बाजाराच्या जाहिरातीतील निकषांहून भिन्न आहेत.

पहिला निकष संवेदकाचा. आजच्या यंत्रांत तार नाही व किरणही सोडला जात नाही. प्राण्याच्या अंगातून निघणाऱ्या उष्णतेत व भोवतालच्या उष्णतेत जो फरक असतो, तो हलताना टिपणारा संवेदक असतो. त्यामुळे सापासारख्या प्राण्याची त्याला बहुधा दाद नसते. तसेच एप्रिल-मे महिन्यांत कशेळ्यासारख्या घाटाच्या पायथ्याच्या उष्ण मुलखात दुपारी जमीन व प्राण्याचे अंग ह्यांच्या उष्णतेतील अंतर घटते आणि यंत्र मंदावते. उन्हात तापलेले गवत वाऱ्याने हलले, तर उलट विनाकारण चित्रे निघतात. हा दोष महागड्या यंत्रातही असतो. त्यावर उपाय पैशाचा नसून जागेचा आहे : कॅमेऱ्याचे तोंड पूर्व-पश्चिमेऐवजी उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे असावे, समोरचे गवत साफ करावे, आणि रात्रीच्या चित्रांवर अधिक भर ठेवावा.

दुसरा निकष वेगाचा. संवेदकाला चाहूल लागल्यापासून चित्र निघेपर्यंतचा काळ स्वस्त यंत्रांत अधिक असतो. परिणामी चालत्या उदमांजराची केवळ शेपटी चित्रात सापडते. अर्ध्या सेकंदाच्या आसपास चित्र घेणारे यंत्र घरगुती कामास पुरते. त्याहून संथ यंत्रही वाया जात नाही, फक्त ते वाटेला काटकोनात लावू नये. वाटेशी तिरपे, प्राणी समोरून येत राहील असे लावावे, किंवा प्राणी थांबतो तेथे, म्हणजे पाण्याच्या डबक्यापाशी अथवा उंबराच्या पडलेल्या फळांपाशी लावावे. चँपियनने एका झोताच्या यंत्राने जे साधले, ते ह्याच युक्तीने. एका चित्रानंतर दुसरे घेण्यास यंत्र किती वेळ लावते, हेही विचारून घ्यावे; आईमागून येणारे पिल्लू त्यावरच अवलंबून असते.

तिसरा निकष रात्रीच्या प्रकाशाचा. ८५० नॅनोमीटर लांबीच्या अवरक्त प्रकाशात दिवे किंचित लाल दिसतात, पण उजेड दूर पोहोचतो. ९४० नॅनोमीटरचे दिवे दिसत नाहीत, पण त्यांचा पल्ला कमी असतो. अंगणातील तीन-चार मीटरांच्या अंतरास दुसरा प्रकार पुरेसा असून प्राण्याच्या दृष्टीने तो अधिक सौम्य आहे. रात्रीची चित्रे कृष्णधवल येतात, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

चौथा निकष पाण्याचा व सेलचा. कर्जत तालुक्यात पावसाळ्यात ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. झाकणाची रबरी कड घट्ट बसते की नाही, हे दुकानातच हाताने पाहावे. धूळ व पाणी रोखण्याच्या क्षमतेचा आयपी क्रमांक पाहावा आणि ६५ किंवा ६६ असल्यास उत्तम समजावे. तरीही पहिला पावसाळा यंत्राने घरातच काढावा व नोव्हेंबरपासून मेपर्यंत काम करावे, हे शहाणपणाचे. पुन्हा भरता येणारे सेल १.२ व्होल्टचे व साधे अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचे असतात. काही यंत्रे कमी दाबावर रात्री नीट चालत नाहीत, म्हणून कोणते सेल चालतात ह्याची खात्री करून घ्यावी. सेलचा वर्षाचा खर्च कधी कधी यंत्राच्या किमतीशी स्पर्धा करतो, आणि ‘स्वस्त’ ह्या शब्दाचा अर्थ ठरविताना तोही जमेस धरला पाहिजे.

ज्याला पैसे देऊ नयेत, अशा गोष्टीही आहेत. खोक्यावर छापलेला मेगापिक्सेलचा मोठा आकडा बहुधा मूळ संवेदकाचा नसतो. लहान चित्र गणिताने फुगवून तो गाठलेला असतो. मोबाइलवर चित्र पाठविणाऱ्या यंत्राला वेगळा मासिक खर्च येतो, आणि डोंगराच्या कुशीत मोबाइलचे जाळे सर्वत्र सारखे मिळत नाही. पहिल्या कॅमेऱ्यास ह्या दोहोंची गरज नाही. उलट एका साध्या सोयीला अभ्यासकाने फार महत्त्व द्यावे : चित्रावर दिनांक व वेळ उमटणे. सेल बदलल्यावर घड्याळ पुन्हा लावावयास विसरले, तर त्या चित्राचे पुरावामूल्य बहुतांशी नाहीसे होते. दिनांक नसलेल्या कागदपत्रापुढे इतिहासकाराची जी स्थिती होते, तीच येथे होते. मुलांच्या हाती एक वही द्यावी व तीत जागा, दिनांक, वेळ, प्राणी आणि चांदणे-अंधार ह्यांची नोंद ठेवावी. वर्षाअखेर ती वही चित्रांहून अधिक मोलाची ठरते.

७

राहिला प्रश्न वाट शोधण्याचा. आणि येथे आपण पुन्हा मागकाढ्याकडे येतो. कशेळ्याच्या परिसरात हे ज्ञान ठाकूर व कातकरी लोकांजवळ आहे. कातकऱ्यांचे नावच काथ तयार करण्याच्या त्यांच्या जुन्या व्यवसायावरून पडले. केंद्र सरकारने त्यांची गणना विशेष दुर्बल आदिवासी समूहांत केली आहे. ए. एन. वेलिंग ह्यांचा कातकऱ्यांवरील ग्रंथ १९३४ साली व ल. ना. चापेकर ह्यांचा सह्याद्रीतील ठाकरांवरील ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला. हे दोन्ही अभ्यास इंग्रजीत आहेत. मराठीत रानाच्या शब्दसंपत्तीची मोठी जपणूक केली ती मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) ह्यांनी, आणि त्यांनीही आदिवासींकडून व वनमजुरांकडून शिकत गेल्याचे वारंवार सांगितले. ओल्या मातीतील कोणता ठसा साळिंदराचा व कोणता उदमांजराचा, वईतील कोणत्या फटीला केस अडकले आहेत, हे सांगणारा माणूस बरोबर असल्यास एक साधा कॅमेरा दहा चांगल्या कॅमेऱ्यांचे काम करतो. त्या माणसाला त्याच्या दिवसाची योग्य मजुरी द्यावी आणि वहीत त्याचे नाव, त्याची संमती असल्यास, नोंदवावे. यंत्राच्या इतिहासातील एक जुने ऋण त्यामुळे थोडे तरी फिटेल.

ह्याच लोकांच्या बाबतीत दुसरी एक जोखीम आहे. प्राण्याची वाट आणि माणसाची पायवाट ही रानात पुष्कळदा एकच असते. शब्दव्युत्पत्तीत जे आपण पाहिले, ते जमिनीवरही खरे आहे. सरपण, पाणी, रानभाज्या ह्यांसाठी पहाटे बाहेर पडणाऱ्या स्त्रिया त्याच वाटेने जातात. केंब्रिज विद्यापीठातील त्रिशांत सिमलाई व ख्रिस सँडब्रुक ह्यांनी उत्तराखंडातील कॉर्बेट परिसराविषयी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ह्याचे गंभीर परिणाम नोंदले आहेत. कॅमेऱ्यांच्या भयाने स्त्रियांचे रानातील मोकळे बोलणे-गाणे थांबले, त्या अपरिचित वाटांनी जाऊ लागल्या व त्यामुळे हिंस्र प्राण्यांशी गाठ पडण्याचा धोका वाढला. एका स्त्रीचे खाजगी अवस्थेतील चित्र तर समाजमाध्यमांवर पसरविले गेले. तेथील कॅमेरे वन्यजीवांसाठी लावलेले होते. घरगुती कॅमेऱ्याबाबत अशी चूक होणे अधिक सोपे आहे, कारण त्यावर कोणाची देखरेख नसते.

म्हणून निवडीच्या निकषांत शेवटचा, पण सर्वांत महत्त्वाचा निकष यंत्राबाहेरचा आहे. कॅमेरा आपल्या हद्दीच्या आत, आतल्या दिशेला तोंड करून लावावा. सार्वजनिक पायवाट, ओहोळाची स्नानाची जागा व वाडीकडे जाणारी वाट कटाक्षाने वगळावी. शेजारच्या वाडीत आधी जाऊन यंत्र दाखवावे, ते कोठे आहे हे सांगावे, आणि कोणाची हरकत असल्यास जागा बदलावी. माणसाचे चित्र आल्यास ते कोणासही न दाखविता पुसून टाकावे. अभयारण्याच्या हद्दीत प्रवेश करण्यास व छायाचित्रणास १९७२च्या अधिनियमान्वये परवानगी लागते. तेथे घरगुती कॅमेरा नेऊन बांधू नये. प्राण्यांना आमिष टाकू नये. शेतघराच्या अंगणात मांस टाकून बिबट्याला बोलाविणे म्हणजे शेजाऱ्याच्या शेळीला व मुलाला धोक्यात घालणे होय. बिबट्या, खवले मांजर ह्यांसारख्या प्राण्यांच्या चित्रांबरोबर जागेचा पत्ता प्रसिद्ध करू नये, कारण चोरट्या शिकाऱ्यालाही माग हवाच असतो.

सारांश, कशेळ्यासारख्या ठिकाणी पहिला मागकॅमेरा घेताना दमट हवेत टिकणारे, अर्ध्या सेकंदाच्या आसपास चालणारे, न दिसणाऱ्या प्रकाशाचे व दिनांक नोंदविणारे साधे यंत्र पुरेसे आहे. त्याहून अधिक खर्च करण्याची इच्छा व शक्ती असेल, तर तो खर्च माग जाणणाऱ्या माणसाबरोबर काही सकाळी हिंडण्यात करावा. शायरसपासून २०१८च्या गणनेपर्यंतचा इतिहास ह्याच निष्कर्षाला पुष्टी देतो. आमच्या विद्यार्थ्यांपुढे ह्यातून एक कामही उभे राहते. ठाकरी व कातकरी बोलींत ठसा, वाट, विष्ठा, बीळ, खाजणीची खूण ह्यांना जे शब्द आहेत, त्यांची पद्धतशीर नोंद अजून व्हावयाची आहे. आणि अशा नोंदींना दिनांकित चित्रांची जोड मिळाली, तर शब्द आणि वस्तू ह्यांचा संबंध प्रत्यक्ष दाखविता येईल. ते काम वाडीतील लोकांच्या संमतीने व सहभागाने व्हावे आणि त्यातून तयार होणारा संग्रह प्रथम त्यांच्या हाती जावा, अशी अपेक्षा आहे.